व्हीपीएनचा पडदा आणि आपली कागदपत्रे

(संस्थेच्या विद्यार्थी मार्गदर्शन कार्यक्रमात चिमूर येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



इंटरनेटवर फाईलींची देवाणघेवाण करताना आपली गोपनीयता कशी राखावी, हा विषय संस्थेच्या सचिवांनी मला दिला आहे. नाव लांबलचक आहे, पण त्याच्या पोटात प्रश्न एकच आहे, आणि तो मघाशी चहाच्या वेळी एका विद्यार्थिनीने मला नेमका विचारला. ती म्हणाली, "सर, मोबाईलमध्ये व्हीपीएन चालू केला का मग आपण काय पाठवून राहिलो ते कोणालेच दिसत नाही न?" मी म्हटले, बाई, याचे उत्तर एका शब्दात देता आले असते तर मला बसने येथवर येण्याची गरजच नव्हती.

माझी सारी नोकरी दूरसंचार खात्यात गेली. ज्येष्ठ मंडळींना ट्रंक कॉल आठवत असेल. येथून नागपूरला बोलायचे तर कॉल बुक करावा लागे आणि तो जोडून देणाऱ्या ऑपरेटरला मनात आणले तर तुमचे सारे बोलणे ऐकता येई. मुलीच्या सोयरिकीची गोष्ट असो की जमिनीच्या दाव्याची, मध्ये तिसरा माणूस बसलेलाच असे. आता ऑपरेटर गेला. परंतु मधला माणूस गेला असे समजू नका. पूर्वी तो एक होता, आता चार-पाच आहेत, एवढाच फरक.

आणि मधला माणूस काय करू शकतो हे चिमूरच्या लोकांना बाहेरून येऊन कोणी शिकवावे असे नाही. १६ ऑगस्ट १९४२ नंतर या गावावर जे अत्याचार झाले, त्यांची चौकशी व्हावी म्हणून सेवाग्रामच्या प्राध्यापक भन्साळींनी ६३ दिवस उपोषण केले. त्या उपोषणाची बातमीसुद्धा छापू नये असा सरकारचा हुकूम होता. निषेध म्हणून देशातील अनेक वृत्तपत्रांनी ६ जानेवारी १९४३ रोजी अंकच काढला नाही. निरोपाची वाट ज्याच्या ताब्यात, त्याच्या हाती किती सत्ता असते, याचे उदाहरण शोधायला आपल्याला गावाबाहेर जावे लागत नाही.

आता मूळ गोष्टीकडे येतो. इंटरनेटवर तुमच्या जोडणीला एक क्रमांक मिळतो, त्याला आयपी पत्ता म्हणतात. तुम्ही एखादी फाईल मागविता तेव्हा ती कोठे पाठवायची हे समोरच्या संगणकाला कळावे म्हणून हा पत्ता प्रत्येक पाकिटावर लिहिलेला असतो. पत्ता तुमचा असला तरी तो तुम्हाला दिला तुमच्या मोबाईल कंपनीने, आणि कोणता पत्ता कोणत्या वेळी कोणाकडे होता याची नोंद तिच्याकडे असते. केंद्र सरकारच्या दूरसंचार विभागाने डिसेंबर २०२१ मध्ये परवान्याच्या अटी बदलल्या आणि अशा नोंदी किमान दोन वर्षे ठेवणे कंपन्यांना बंधनकारक केले. मोबाईल नेटवर हजारो लोक एकाच पत्त्यामागे असतात, मग मला कोण ओळखणार, असा युक्तिवाद मुले करतात. बाहेरच्याला कदाचित ओळखता येणार नाही, कंपनीला येते.

व्हीपीएन म्हणजे व्हर्च्युअल प्रायव्हेट नेटवर्क. याचे काम पाकिटाच्या उदाहरणाने समजते. समजा, तुम्हाला मुंबईच्या एका दुकानातून पुस्तक मागवायचे आहे, पण चिमूरच्या पोस्टमनला ते कळू नये आणि दुकानदाराला तुमचा पत्ताही कळू नये अशी तुमची इच्छा आहे. तुम्ही काय कराल? दुकानदाराची चिठ्ठी एका पाकिटात घालाल, ते पाकीट दुसऱ्या जाड पाकिटात बंद कराल आणि नागपूरच्या मामाकडे पाठवाल. मामा वरचे पाकीट फोडील, आतली चिठ्ठी स्वतःच्या पत्त्यावरून मुंबईला धाडील, पुस्तक आले की पुन्हा जाड पाकिटात घालून तुमच्याकडे पाठवील. चिमूरच्या पोस्टमनला एवढेच दिसते की हा पोरगा मामाला फार पत्रे लिहितो. मुंबईच्या दुकानदाराला मामाचाच पत्ता दिसतो. हा मामा म्हणजे व्हीपीएन कंपनीचा सर्व्हर, आणि ते जाड पाकीट म्हणजे सांकेतिक लिपीतले आवरण.

सोय उत्तम आहे. पण मामाला सारेच ठाऊक झाले, हे लक्षात आले का? तुम्ही कोण आणि कोठून काय मागविता, हे दोन्ही ज्याला एकत्र माहीत आहे असा आता तो एकच माणूस आहे. पूर्वी तुमचा विश्वास मोबाईल कंपनीवर होता, तो उचलून तुम्ही मामाच्या हवाली केला. तेव्हा व्हीपीएन घेताना पहिला प्रश्न विचारायचा तो वेगाचा किंवा किमतीचा नव्हे. हा मामा कोण, तो खातो कोणाचे, आणि वही ठेवतो काय, हा विचारायचा.

फुकटच्या मामांविषयी तर फारच सावध राहावे. ओनाव्हो प्रोटेक्ट नावाचे एक व्हीपीएन अ‍ॅप होते. 'तुमची माहिती सुरक्षित ठेवतो' अशी त्याची जाहिरात. ते चालविणारी कंपनी २०१३ मध्ये फेसबुकने विकत घेतली, आणि लोक मोबाईलवर कोणकोणती अ‍ॅप किती वापरतात हे फेसबुकला त्याच्यातून कळू लागले. पुढे २०१८ मध्ये अ‍ॅपलने ते आपल्या दुकानातून काढायला लावले आणि २०१९ मध्ये ते बंदच झाले. होला नावाच्या दुसऱ्या फुकट सेवेबद्दल २०१५ मध्ये उघडकीस आले की, ती आपल्या ग्राहकांचेच इंटरनेट दुसऱ्यांना विकत होती. म्हणजे कोणीतरी परका तुमच्या घराच्या पत्त्यावरून काय वाटेल ते करणार आणि पोलीस आले तर दार तुमचे ठोठावणार. सर्व्हर चालवायला पैसा लागतो. तो तुम्ही देत नसाल तर कोठून येतो, हे आपल्या आयाबहिणी भाजीबाजारातसुद्धा विचारतात.

आणि वहीचे काय? २८ एप्रिल २०२२ रोजी सर्ट-इन या केंद्र सरकारच्या संस्थेने आदेश काढला की, व्हीपीएन सेवा देणाऱ्यांनी ग्राहकाचे नाव, पत्ता, संपर्क, त्याला दिलेले आयपी पत्ते आणि सेवा घेण्याचे कारण यांची नोंद पाच वर्षे ठेवावी. कार्यालयांच्या अंतर्गत व्हीपीएनला यातून वगळले. एक्स्प्रेसव्हीपीएन, सर्फशार्क, नॉर्डव्हीपीएन या मोठ्या कंपन्यांनी आम्ही वही ठेवत नाही असे सांगून भारतातले आपले सर्व्हरच काढून घेतले. आदेशाचा व्हीपीएनविषयीचा भाग सप्टेंबर २०२२ अखेर लागू झाला. गुन्हेगार सापडावा म्हणून नोंद हवी, हे सरकारचे म्हणणे मला समजते. पण पाच वर्षांची कोट्यवधी लोकांची वही एके ठिकाणी साठली की ती चोरीलाही जाऊ शकते, हेही समजून घ्यावे. व्हीपीएन वापरणे आपल्याकडे सर्वसाधारणपणे गुन्हा नाही. जम्मू-काश्मीरच्या काही जिल्ह्यांत मे २०२५ मध्ये जिल्हा प्रशासनाने त्यावर तात्पुरती बंदी घातली होती. चंद्रपूर-गडचिरोलीच्या मुलांनी तसली भीती बाळगण्याचे कारण नाही.

आता टोरेंट. मुले हसत आहेत, म्हणजे शब्द ओळखीचा आहे. २००१ मध्ये ब्रॅम कोहेन या अमेरिकन प्रोग्रामरने ही पद्धत काढली. पद्धत मोठी सुंदर आहे. वर्गात सरांच्या नोट्सची एकच वही आहे आणि साठ मुलांना ती हवी आहे. एकाने सर्वांना उतरवून देण्याऐवजी प्रत्येकाने दोन-दोन पाने उतरविली आणि आपापसांत बदलून घेतली तर दुपारपर्यंत सर्वांची वही पूर्ण होते. टोरेंट हेच करते. मात्र कोणते पान कोणाकडे आहे हे कळावे म्हणून भिंतीवर यादी लागते, आणि त्या यादीत प्रत्येकाचा आयपी पत्ता उघडा असतो. ती यादी वाचायला कोणाची परवानगी लागत नाही. चित्रपट कंपनीचा माणूसही त्या साठ मुलांत एकसष्टावा होऊन बसू शकतो आणि पत्ते टिपून घेऊ शकतो. म्हणूनच टोरेंट आणि व्हीपीएन ही जोडी जमली. व्हीपीएन असेल तर भिंतीवर मामाचा पत्ता लागतो.

पण मध्येच नेट तुटले आणि पुन्हा लागले, तर व्हीपीएन जोडला जाण्यापूर्वीच्या काही सेकंदांत तुमचा खरा पत्ता यादीवर चढतो. आपल्या भागात नेट किती वेळा तुटते, हे मी सांगायला नको. यासाठी चांगल्या व्हीपीएनमध्ये 'किल स्विच' असतो. तो व्हीपीएन तुटताच सारी जोडणीच बंद करतो. टोरेंटच्या काही प्रोग्राममध्येही 'फक्त व्हीपीएनच्या जोडणीवरूनच चाल' असे बांधून ठेवता येते. या दोन गोष्टी न करता टोरेंट चालविणे म्हणजे अर्धी ताटी लावून कुंपण घातल्याचे समाधान मानणे होय.

आणखी एक बाब. टोरेंटमध्ये तुम्ही घेता तेव्हाच देतही असता. मुंबई उच्च न्यायालयात २०१६ मध्ये 'ढिशूम' या चित्रपटाच्या निमित्ताने न्यायमूर्ती गौतम पटेल यांनी स्पष्ट केले की, चोरटी प्रत नुसती पाहणे हा कॉपीराईट कायद्याखाली गुन्हा नव्हे. परवानगीवाचून ती वाटणे, दाखविणे, विकणे हा गुन्हा. त्यापूर्वी बंद केलेल्या संकेतस्थळांवर 'पाहाल तर तीन वर्षे तुरुंगवास' अशा अर्थाची सूचना झळकत असे. लोक या निकालाचा पहिला अर्धा भाग लक्षात ठेवतात. टोरेंटवाला मात्र न कळत वाटणाऱ्यांत मोडतो, आणि १९५७ च्या कॉपीराईट कायद्याचे कलम ६३ सहा महिने ते तीन वर्षांची शिक्षा सांगते.

कायदा क्षणभर बाजूला ठेवू. २९ एप्रिल २०१६ ला 'सैराट' लागला. काही दिवसांतच त्याची चोरटी प्रत मोबाईल-मोबाईलवर फिरू लागली. नागराज मंजुळे यांच्यासारखा आपल्यातून वर आलेला दिग्दर्शक कष्टाने चित्रपट करतो आणि आपलीच मुले तो शेअरइटने एकमेकांना देतात, याला व्हीपीएनने झाकले म्हणून ते चांगले होत नाही. पत्ता झाकला जातो, व्यवहार तोच राहतो.

उलट बाजू पाहा. बाबासाहेबांच्या लेखन आणि भाषणांचे खंड महाराष्ट्र शासनाने १९७९ पासून काढले. नागपूरच्या वसंत मून यांनी त्यासाठी आपले आयुष्य खर्ची घातले. पण छापील खंड हवा तेव्हा मिळेल याची शाश्वती नाही. हे काम रखडल्याची बातमी आली तेव्हा डिसेंबर २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाला स्वतःहून दखल घ्यावी लागली. इंग्रजी खंड मात्र केंद्राच्या परराष्ट्र मंत्रालयाच्या संकेतस्थळावर कोणालाही मोफत उतरवून घेता येतात. ते घ्या, पेन ड्राईव्हमध्ये घाला, गावोगावच्या वाचनालयांना द्या. फाईलींची देवाणघेवाण हा शब्द ऐकताच चोरी आठवू नये, म्हणून हे सांगितले.

तर आता व्हीपीएन काय झाकत नाही, ते पाहू. माझ्या मते आजच्या बोलण्यातला महत्त्वाचा भाग हाच आहे.

व्हीपीएन वाट झाकतो. फाईलीच्या आत काय आहे ते तो तपासत नाही. नागपूरचे वकील सुरेंद्र गडलिंग यांना २०१८ मध्ये एल्गार परिषद प्रकरणात अटक झाली, हे आपणा सर्वांस ठाऊक आहे. आर्सेनल कन्सल्टिंग या अमेरिकन कंपनीने बचाव पक्षाच्या वतीने त्यांच्या संगणकाच्या हार्ड डिस्कची प्रत तपासली आणि २०२१ मध्ये अहवाल दिला. ईमेलसोबत आलेल्या फाईलीतून त्यांच्या संगणकात 'नेटवायर' हा हेर-प्रोग्राम शिरला आणि बाहेरच्या कोणीतरी त्यात कागदपत्रे आणून ठेवली, असे तो अहवाल म्हणतो. तपास यंत्रणेला हे मान्य नाही, आणि खरेखोटे ठरविणे न्यायालयाचे काम आहे. आपल्यापुरता बोध एवढाच की, एक फाईल उघडल्याने काय होऊ शकते. असा प्रोग्राम घरात शिरल्यावर दाराला व्हीपीएन लावा की दोन लावा, आतला आतच बसलेला असतो. ओळखीच्या माणसाच्या नावाने आलेली, पण आपण न मागितलेली फाईल दिसली की आधी त्याला फोन करा. लग्नपत्रिका म्हणून 'एपीके' फाईल आली तर समजा की लग्न नाही, लूट आहे. तसे कोणाचे झालेच असेल तर १९३० या क्रमांकावर ताबडतोब तक्रार करावी. पैसे गेल्यावर एकेक तास मोलाचा असतो.

फोटोचेही तसेच. मोबाईलने काढलेल्या फोटोत जागेचा नेमका ठावठिकाणा नोंदलेला असू शकतो. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठविला तर तो गळून पडतो, 'डॉक्युमेंट' म्हणून पाठविला तर जसाच्या तसा जातो. संघारामगिरीच्या कार्यक्रमाचे फोटो खुशाल पाठवा. पण शिवारात दिसलेल्या वाघाचा फोटो ठिकाणासकट पाठविणे शिकाऱ्याला निमंत्रण आहे, आणि मुलीच्या वसतिगृहाच्या खोलीतला फोटोही विचार करूनच पाठवावा. वर्डच्या फाईलीत लिहिणाऱ्याचे नाव राहते, तेही पाहून घ्यावे. व्हॉट्सअ‍ॅपचे संदेश तर एप्रिल २०१६ पासून दोन्ही टोकांना बंद पाकिटातच जातात. तेथे व्हीपीएनने जास्तीचे फार काही साधत नाही. गळती होते ती गटातूनच.

मी तर म्हणेन, आपल्या भागात टोरेंटपेक्षा मोठा धोका महाडीबीटीच्या दिवसांत असतो. शिष्यवृत्तीचा अर्ज भरायला मूल केंद्रावर जाते. आधार, जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, गुणपत्रिका, बँकेचे पासबुक, सारे त्या संगणकावर उतरते आणि 'डाउनलोड्स'मध्ये वर्षभर पडून राहते. पुढचा गिऱ्हाईक ते सहज पाहतो. मे २०२२ मध्ये आधार प्राधिकरणाच्या बंगळूर कार्यालयाने सूचना काढली होती की, आधारची प्रत कोणालाही सरसकट देऊ नका आणि सार्वजनिक संगणकावर ई-आधार उतरविलेच तर ते कायमचे पुसून टाका. लोकांत गोंधळ झाला म्हणून दोनच दिवसांत ती सूचना मागे घेतली गेली. माझ्या मते सूचना शहाणपणाची होती. शेवटचे चारच अंक दिसणारे 'मास्क्ड आधार' मिळते. जेथे चालेल तेथे तेच द्या. कागद स्कॅन करायचे अ‍ॅपही पारखून घ्या. घराघरांत वापरले जाणारे कॅमस्कॅनर आणि मघाचे शेअरइट, दोन्ही २९ जून २०२० रोजी बंदी घातलेल्या ५९ अ‍ॅपमध्ये होती.

कोणी म्हणेल, आम्ही गरीब माणसे, आमच्याजवळ लपविण्यासारखे आहे काय? शहरात खोली शोधताना आडनाव ऐकून ज्याला नकार मिळाला आहे, त्याने तरी हा प्रश्न विचारू नये. जातीचा दाखला कोणाला दाखवायचा आणि कोणाला नाही हे ठरविण्याचा अधिकार ज्याचा दाखला त्याचाच असला पाहिजे. बाबासाहेबांनी १९४७ मध्ये शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनच्या वतीने 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' हे निवेदन संविधान सभेसाठी तयार केले. त्यात माणसाचे शरीर, घर, कागदपत्रे आणि चीजवस्तू यांची अवाजवी झडती व जप्ती होऊ नये हा मूलभूत हक्क म्हणून मागितलेला आहे. कागदपत्रे हा शब्द तेथे आहे, हे विद्यार्थ्यांनी मूळ खंड उघडून पाहावे. त्या वेळी तो हक्क संविधानात स्वतंत्र कलम म्हणून आला नाही. पुढे २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमताने गोपनीयता हा मूलभूत हक्क ठरविला. त्या नऊ जणांत आपल्या नागपूरचे न्यायमूर्ती शरद बोबडे हेही होते. सत्तर वर्षे लागली.

हक्क कागदावर मिळाला तरी कागद सांभाळण्याचे काम आपलेच. रेल्वे स्थानकाच्या किंवा लॉजच्या फुकट वायफायवर बसून कागदपत्रे पाठवायची असतील तर व्हीपीएन जरूर लावा. पैसे देऊन घेतलेला, ज्याची तपासणी त्रयस्थाने केली आहे असा. एवढ्यासाठी तो खरोखर उपयोगी आहे. पण दाखला पाठविताना पीडीएफला पासवर्ड घाला आणि तो पासवर्ड त्याच संदेशात न लिहिता फोन करून सांगा. यासाठी एक पैसा लागत नाही.

जाता जाता आपल्याच संस्थेविषयी. मदत मिळालेल्या विद्यार्थ्यांची नावे, मोबाईल आणि खाते क्रमांक असलेली यादी दरवर्षी गटावर टाकण्याची पद्धत आहे. हेतू हिशोब उघडा ठेवण्याचा आहे, आणि तो चांगलाच आहे. पण गटात तीनशेवर माणसे आहेत. यादीत नाव आणि रक्कम असावी, खाते क्रमांक व मोबाईल काढून टाकावेत, आणि जुन्या याद्यांच्या ड्राईव्हवरील लिंक बंद कराव्यात, असे मी मघाशी सचिवांना सुचविले आहे. त्यांनी ते मान्य केले आहे. हे काम या रविवारी करायचे असून त्याला संगणक येणारी दोन मुले हवी आहेत. नावे त्यांच्याकडे द्यावीत. आता प्रश्न असतील तर विचारावेत.

जयभीम.